क्लिक होते, पण फाइल उतरत नाही: सेलेनियमच्या भाषा-बाइंडिंगमधून डाउनलोड करताना वारंवार येणाऱ्या बिघाडाचे निवारण

नागपुरातील लहान व्यवसायांसाठी सेलेनियम या साधनाने ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या स्क्रिप्ट लिहिणे आणि बिघडल्या की दुरुस्त करणे हे माझे काम आहे. कळमना बाजारातील एका अडत्याला भावांचा तक्ता सकाळी दुकान उघडण्याआधी तयार हवा असतो, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयाला रोजच्या सुनावण्यांची पीडीएफ यादी हवी असते, आणि परसोडीच्या आयटी पार्क परिसरातील एका चमूला आपल्याच संकेतस्थळावरील अहवाल नीट उतरतात का हे तपासायचे असते. तिन्ही कामे वेगळी असली तरी मला येणारा निरोप बहुतेक वेळा एकच असतो: स्क्रिप्ट चालली, फाइल आली नाही. हा एक बिघाड मी पायथन, जावा आणि सी-शार्प या तिन्ही बाइंडिंगमध्ये (त्या त्या भाषेतून सेलेनियम वापरू देणाऱ्या जोडसंचांत) इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासण्यांचा क्रम आता पक्का झाला आहे. तोच येथे देत आहे.

लक्षणे

- क्लिकची ओळ कोणतीही त्रुटी न दाखवता पार पडते, पुढच्या ओळीही चालतात, आणि ठरवलेले फोल्डर मात्र रिकामे राहते.
- फाइल दिसते, पण तिच्या नावाच्या शेवटी ‘.सीआरडाउनलोड’ किंवा ‘.पार्ट’ (अनुक्रमे क्रोम आणि फायरफॉक्स यांची अर्धवट फाइलची खूण) असते आणि तिचा आकार वाढत नाही.
- पीडीएफ फोल्डरात उतरण्याऐवजी ब्राउझरच्या टॅबमध्येच उघडते.
- फाइल पूर्ण उतरते, परंतु उघडल्यावर तक्त्याच्या जागी लॉगिनचे पान निघते.
- फोल्डरात फाइल डोळ्यांना दिसते, तरीही प्रोग्राम ‘अशी फाइल नाही’ असे सांगतो. नाव मराठीत असेल तर हे लक्षण विशेष आढळते.
- हाताने चालवलेली स्क्रिप्ट नीट चालते, पण पहाटे वेळापत्रकानुसार चालणारी तीच स्क्रिप्ट अपयशी ठरते.
- खिडकी दिसत असताना डाउनलोड होते, हेडलेस, म्हणजे खिडकी न दाखवता, चालवल्यावर होत नाही.
- काल सगळे ठीक होते, रात्री ब्राउझर अद्ययावत झाला, आणि आज डाउनलोडच्या सूचना येणे बंद झाले.

एक बाब आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढील प्रत्येक तपासणी तिच्यावर उभी आहे. सेलेनियम ज्यावर चालते त्या वेबड्रायव्हरचे, म्हणजे ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याच्या पद्धतीचे, डब्ल्यूथ्रीसी या वेब-मानक संस्थेचे मानक जून २०१८ मध्ये अधिकृत शिफारस म्हणून प्रसिद्ध झाले; पान उघडणे, घटक शोधणे, क्लिक करणे, मजकूर वाचणे या सर्वांसाठी त्यात आज्ञा आहेत, पण ‘फाइल उतरव आणि उतरली की सांग’ अशी आज्ञा त्यात नाही. आपली पायथनची किंवा जावाची ओळ बाइंडिंगमधून ड्रायव्हरकडे, म्हणजे ब्राउझर चालवणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामकडे, जाते, ड्रायव्हर ती ब्राउझरला देतो, ब्राउझर क्लिक करतो आणि ‘क्लिक झाले’ एवढेच उत्तर त्याच वाटेने परत येते. फाइल आणण्याचे काम त्यानंतर ब्राउझरचा डाउनलोड घटक स्वतंत्रपणे करतो, त्याच्या स्वतःच्या सेटिंगनुसार, तो ज्या यंत्रावर आणि ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालत आहे तेथे. म्हणजेच बाइंडिंगने दिलेला यशाचा निरोप खरा असतो, फक्त तो डाउनलोडविषयी नसतो. त्यामुळे या बिघाडात त्रुटीचा संदेश शोधत बसू नये. फाइल या घडीला कोणाच्या हाती आहे, हे विचारत जावे.

सर्वांत सोप्या तपासण्या

सर्वप्रथम तोच दुवा त्याच यंत्रावर, त्याच ब्राउझरमध्ये हाताने उघडून फाइल उतरवून पाहावी. हाताने उतरत नसेल तर स्क्रिप्टला हात लावण्याचे कारणच उरत नाही. डिस्कवर जागा आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. रोज फाइल उतरवणाऱ्या आणि जुन्या कधीच न पुसणाऱ्या स्क्रिप्टने डिस्क भरून टाकल्याचे मी पाहिले आहे.

हाताने उतरली, पण स्क्रिप्टमधून उतरली नाही, तर पहिला संशय सेटिंगवर घ्यावा. आपण नेहमीच्या क्रोममध्ये डाउनलोडचे फोल्डर बदललेले असते आणि स्क्रिप्टही तेच वापरेल असे गृहीत धरलेले असते. क्रोमड्रायव्हर मात्र, वेगळे सांगितले नसेल तर, प्रत्येक सत्रासाठी नवे तात्पुरते प्रोफाइल तयार करतो आणि त्यात आपण हाताने केलेले कोणतेही सेटिंग नसते. ते सेटिंग स्क्रिप्टमधूनच, सत्र सुरू होण्यापूर्वी, ‘प्रेफ्स’मध्ये (ब्राउझरला द्यायच्या सेटिंगच्या यादीत) द्यावे लागते: ‘डाउनलोड.डिफॉल्ट_डायरेक्टरी’ मध्ये फोल्डरचा मार्ग आणि ‘डाउनलोड.प्रॉम्प्ट_फॉर_डाउनलोड’ मध्ये नकार. सत्र सुरू झाल्यानंतर हे पर्याय बदलून उपयोग होत नाही.

त्यानंतर तो मार्ग अक्षर-अक्षर वाचावा. मार्ग पूर्ण असावा, सापेक्ष नसावा, कारण सापेक्ष मार्ग कोठून मोजायचा हे स्क्रिप्ट कोठून सुरू झाली यावर ठरते. लिनक्सवर घराच्या फोल्डरसाठी वापरले जाणारे लाटेचे चिन्ह शेल (टंकलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) उलगडते, ब्राउझर उलगडत नाही. ते आधी आपल्या भाषेच्या साहाय्याने उलगडून घ्यावे. विंडोजवर मार्गात बॅकस्लॅशच द्यावा, सरळ स्लॅशने लिहिलेला मार्ग क्रोमच्या या सेटिंगमध्ये अडचणीचा ठरतो. परंतु बॅकस्लॅश लिहिताना पायथनमध्ये वेगळाच धोका आहे. साध्या अवतरणात बॅकस्लॅशनंतर लहान लिपीतील इंग्रजी ‘एन’ आला की पायथन त्या दोघांचे मिळून ‘नवी ओळ’ असे एक चिन्ह करते आणि ‘टी’ आला की टॅब करते. एका कार्यालयात सी ड्राइव्हवर इंग्रजी लहान अक्षरांत ‘नागपूर’ नावाचे फोल्डर केले होते. मार्ग स्क्रीनवर बरोबर दिसत होता आणि प्रत्यक्षात त्यात एक ओळ तुटलेली होती. फोल्डरचे नाव मोठ्या ‘एन’ने सुरू होत असते तर पायथनने प्रोग्राम सुरूच केला नसता आणि चूक पहिल्याच मिनिटाला कळली असती. अशा वेळी मार्गापूर्वी ‘आर’ लावलेले कच्चे अवतरण वापरावे किंवा मार्ग तयार करण्याचे काम पायथनच्या ‘पाथलिब’ या लायब्ररीवर सोपवावे.

थांबण्याची तपासणी

स्क्रिप्टच्या शेवटी ‘क्विट’ असते आणि ते हवेच, पण क्लिकनंतर लगेच ‘क्विट’ चालले तर ब्राउझर बंद होतो आणि अर्धवट डाउनलोड त्याच्याबरोबर संपते. कार्यालयातील वेगवान जोडणीवर फाइल दोन सेकंदांत उतरते म्हणून चूक लपून राहते, आणि बाजारातील मोबाइलच्या जोडणीवर तीच स्क्रिप्ट नेली की ती उघड होते. यावर दहा सेकंदांची झोप घालणे हा उपाय नव्हे. झोप कधी कमी पडेल हे कोणी सांगू शकत नाही आणि बाकीच्या दिवशी ती वेळ वाया घालवते.

योग्य पद्धत अशी की क्लिकपूर्वी फोल्डरातील नावांची नोंद घ्यावी, क्लिकनंतर दर अर्ध्या सेकंदाला फोल्डर पाहावे, आणि नवे नाव दिसले, अर्धवट फाइलचा शेपूट असलेले कोणतेही नाव उरले नाही आणि लागोपाठ दोनदा आकार सारखाच आला, तरच पुढे जावे. यात दोन बारकावे आहेत. फायरफॉक्स मूळ नावाची शून्य बाइटची फाइल आधी तयार करतो आणि मजकूर शेजारच्या ‘.पार्ट’ फाइलमध्ये साठवतो, म्हणून केवळ मूळ नाव दिसले याचा अर्थ फाइल आली असा होत नाही. आणि त्याच नावाची जुनी फाइल फोल्डरात असेल तर क्रोम नव्या फाइलच्या नावापुढे कंसात १ जोडतो, त्यामुळे ठरावीक नाव शोधणारी स्क्रिप्ट आनंदाने कालची फाइल वाचते. भावांच्या तक्त्यात ही चूक सर्वांत घातक असते, कारण कालचे आकडे आजच्यासारखेच दिसतात. प्रत्येक वेळी नवे रिकामे फोल्डर वापरणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि मी आता तो सर्वत्र वापरतो.

पीडीएफ उघडते, उतरत नाही

यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. क्रोममध्ये ‘प्लगिन्स.ऑलवेज_ओपन_पीडीएफ_एक्स्टर्नली’ हे सेटिंग होकारार्थी करावे, फायरफॉक्समध्ये ‘पीडीएफजेएस.डिसेबल्ड’. फायरफॉक्सचे फोल्डर ठरवण्यासाठी ‘ब्राउझर.डाउनलोड.फोल्डरलिस्ट’ ची किंमत २ द्यावी, नाहीतर ‘ब्राउझर.डाउनलोड.डिर’ मधील मार्गाकडे तो पाहतच नाही. फायरफॉक्समध्ये न विचारता जतन करण्याच्या प्रकारांची यादी पूर्वी फार महत्त्वाची होती. मार्च २०२२ मधील ९८ व्या आवृत्तीपासून तो मुळातच न विचारता जतन करतो, तरीही जुने यंत्र सांभाळत असाल तर ती यादी पाहावी. तिच्यात फाइलचे शेवटचे अक्षरगट लिहायचे नसून सर्व्हर प्रत्यक्ष पाठवतो तो कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार सांगणारी नोंद) लिहायचा असतो.

फाइल आली, पण ती फाइल आहे का?

फाइलचे नाव ‘.एक्सएलएसएक्स’ने संपते म्हणजे आत तक्ता आहे, असे धरून चालू नये. सत्राची मुदत संपली की कित्येक सर्व्हर लॉगिनचे पान पाठवतात, तेही यशाचा २०० हा क्रमांक देऊन. प्रत्येक फाइलचे पहिले काही बाइट वाचून घ्यावेत: खरी पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि त्यामागे इंग्रजी ‘पीडीएफ’ या अक्षरांनी सुरू होते, खरी ‘.एक्सएलएसएक्स’ ही झिप असल्याने ‘पीके’ या दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होते. सुरुवातीला कोनी कंस आणि ‘एचटीएमएल’ दिसले तर दोष डाउनलोडचा नाही, लॉगिनचा आहे, आणि तेथे कुकी किंवा सत्राची मुदत तपासावी. ही चार ओळींची तपासणी स्क्रिप्टमध्ये कायमची ठेवावी, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे. चुकीची फाइल पुढच्या हिशेबात मिसळल्यावर ती शोधण्याचे कष्ट त्या चार ओळींच्या कितीतरी पट असतात.

मराठी नावांच्या फाइली

हा भाग इंग्रजीतील मार्गदर्शनात मला जवळजवळ कधीच सापडला नाही आणि आपल्याकडे तो दर आठवड्याला भेटतो, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

समजा, फाइलचे नाव ‘संत्रा उत्पादक शेतकऱ्यांची यादी’ असे आहे. यातील ‘ऱ्या’ स्क्रीनवर एकाच रूपात दिसतो, पण युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या निदान तीन पद्धती प्रचलित आहेत. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ‘य’ असतो. दुसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलंत आणि ‘य’ असतो. तिसऱ्या पद्धतीत साधा ‘र’, हलंत, त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह म्हणजे झेडडब्ल्यूजे, आणि मग ‘य’ असतो. सर्व्हरवरील नाव एका कळफलकाने लिहिलेले असते, आपल्या स्क्रिप्टमधील नाव दुसऱ्याने. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात आणि संगणकाला ती दोन वेगळी नावे असतात. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य असल्याने दोन्ही बाजू एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणल्या की त्या जुळतात. तिसरी मात्र समतुल्य मानलेली नाही, त्यामुळे ‘र’, हलंत आणि जोडचिन्ह यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलंत ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. हीच गत ‘ॲ’ची आहे: ‘ॲप’ मधील ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर असू शकते किंवा ‘अ’वर अर्धचंद्र देऊन केलेली दोन चिन्हे असू शकतात, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही.

आकड्यांची अडचण बाइंडिंग बदलताना समोर येते. ‘अहवाल २०२४’ अशा नावातून वर्ष काढण्यासाठी पायथनमध्ये अंक शोधणारा नियम लिहिला तर तो देवनागरी अंकही ओळखतो. तोच नियम जावात किंवा जावास्क्रिप्टमध्ये उतरवला की तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो, कारण त्या भाषांत त्याचा मूळ अर्थ तेवढाच आहे. सी-शार्पमध्ये पुन्हा देवनागरी अंक चालतात. परसोडीच्या चमूने पायथनची चाचणी जावात नेली तेव्हा सगळ्यांनी दोन दिवस डाउनलोडच्या सेटिंगमध्ये घालवले होते आणि फाइल पहिल्या दिवसापासून फोल्डरात होती. तेव्हापासून नाव न जुळल्यास फोल्डरातील प्रत्येक नावाचे संकेतांक छापणारी एक ओळ मी लिहून ठेवली आहे.

नावाच्या लांबीचाही विचार करावा. लिनक्सवरील ईएक्सटी४ या फाइल-रचनेत फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे मात्रा, अनुस्वार आणि हलंत धरून ८५ चिन्हे झाली की मर्यादा संपते, आणि डाउनलोड चालू असताना ‘.सीआरडाउनलोड’चे ११ बाइट त्यातूनच जातात. कार्यालयीन विषयाचे संपूर्ण वाक्य फाइलचे नाव म्हणून देण्याची आपल्याकडील सवय पाहता ही मर्यादा ओलांडणे अवघड नाही. विंडोजवर हिशेब वेगळा असल्याने तेथे हीच फाइल सहज उतरते.

आणखी एक कारण फक्त वेळापत्रकावर चालताना दिसते. विंडोजवर पायथन कन्सोलमध्ये मराठी नाव व्यवस्थित छापते, पण तोच मजकूर लॉग फाइलकडे वळवला की अनेक यंत्रांवर जुनी पश्चिम युरोपीय संकेतप्रणाली वापरली जाते, मराठी अक्षर आले की त्रुटी येते आणि स्क्रिप्ट तेथेच संपते. फाइल उतरलेली असते. तिचे नाव छापताना प्रोग्राम पडलेला असतो. ‘पायथनयूटीएफ८’ हे पर्यावरण-चल १ केले की ही अडचण जाते.

कोणाच्या नावाने आणि कोठे चालते?

हाताने चालते आणि वेळापत्रकावर चालत नाही, याचे याहून सामान्य कारण म्हणजे वापरकर्ता बदलणे. विंडोजचा टास्क शेड्युलर काम ‘सिस्टिम’ या खात्यावर चालवत असेल तर त्या खात्याचे डाउनलोडचे फोल्डर आपले नसते, आणि आपल्या फोल्डरात लिहिण्याची परवानगी त्या खात्याला असेलच असे नाही. तपासणी सोपी आहे: ब्राउझर उघडण्याआधी स्क्रिप्टनेच त्या फोल्डरात एक छोटी फाइल लिहून, पुसून पाहावी आणि चालू वापरकर्त्याचे नाव लॉगमध्ये नोंदवावे.

उबुंटूवर एक पायरी अधिक आहे. २२.०४ पासून तेथील फायरफॉक्स स्नॅप, म्हणजे उर्वरित यंत्रापासून वेगळ्या ठेवलेल्या पॅकेजच्या, स्वरूपात येतो, आणि स्नॅपमधील प्रोग्रामला घरातील टिंबाने सुरू होणारी लपलेली फोल्डरे उघडता येत नाहीत, तसेच ‘टेंप’ हे तात्पुरते फोल्डरही त्याचे स्वतंत्र असते. म्हणजे स्क्रिप्ट एका ‘टेंप’मध्ये पाहते आणि ब्राउझर दुसऱ्याच ‘टेंप’मध्ये फाइल ठेवतो. घरातील साधे, न लपलेले फोल्डर दिले की प्रश्न मिटतो.

हेडलेसचा प्रश्न काळाबरोबर बदलला आहे, त्यामुळे जुना सल्ला आजच्या क्रोमला लावू नये. जुन्या हेडलेस पद्धतीत सुरक्षेसाठी डाउनलोड मुळातच नाकारले जाई आणि ते वेगळ्या आज्ञेने सुरू करावे लागे. २०२३ मध्ये ११२ व्या आवृत्तीत आलेली नवी हेडलेस पद्धत नेहमीच्याच क्रोमचा कोड वापरते आणि तिच्यात ‘प्रेफ्स’मधील फोल्डर मानले जाते, जुनी पद्धत १३२ व्या आवृत्तीपासून क्रोममधून काढून ‘क्रोम-हेडलेस-शेल’ या वेगळ्या प्रोग्राममध्ये ठेवली आहे. आपला कंटेनर (ब्राउझर ज्यात बंदिस्तपणे चालतो ते वातावरण) या दोहोंपैकी काय चालवतो, एवढेच आधी पाहावे.

प्रोटोकॉलची बाइंडिंग आणि आवृत्त्यांचा मेळ

येथपर्यंतच्या तपासण्यांत कोड फारसा बदलावा लागत नाही. यापुढे लागतो.

फोल्डरावर नजर ठेवण्याऐवजी डाउनलोड घटकाकडूनच बातमी हवी असेल तर क्रोमचा डेव्हटूल्स प्रोटोकॉल, म्हणजे सीडीपी (क्रोमशी थेट बोलण्याची नियमावली), वापरावा लागतो. त्यातील ‘ब्राउझर.सेटडाउनलोडबिहेव्हियर’ या आज्ञेने फोल्डर ठरवता येते आणि डाउनलोड सुरू झाल्याच्या व पुढे सरकल्याच्या घटना मिळतात. येथे तीन चुका मी पुन्हा पुन्हा पाहतो. पहिली, ‘इव्हेंट्सएनेबल्ड’ होकारार्थी केलेले नसते. ते मुळात बंद असते, त्यामुळे आज्ञा यशस्वी होते आणि एकही घटना येत नाही. दुसरी, वागणूक ‘अलाउअँडनेम’ ठेवलेली असते. त्यात फाइलला तिच्या डाउनलोडचा लांबलचक ओळखक्रमांक हेच नाव मिळते, आणि मूळ नाव शोधणाऱ्याला फाइल हरवल्यासारखे वाटते. तिसरी, आज्ञेत कोणता ब्राउझर-संदर्भ (एकाच ब्राउझरमधील वेगळा कप्पा) हे सांगितलेले नसते. मग ती मूळ संदर्भाला लागू होते आणि खासगी खिडकीसाठी केलेल्या वेगळ्या संदर्भातील डाउनलोडला ती स्पर्शही करत नाही.

जावा आणि सी-शार्पमध्ये याहून खोल कारण असते. या भाषांतील सीडीपीची बाइंडिंग हाताने लिहिलेली नसते. प्रोटोकॉलच्या वर्णनावरून ती निर्माण केली जाते, आणि सेलेनियमच्या प्रत्येक आवृत्तीत क्रोमच्या ठरावीक अलीकडच्या आवृत्त्यांपुरतीच ती असते. क्रोम २०२१ पासून चार आठवड्यांच्या चक्रावर गेला. ब्राउझर स्वतःहून पुढे जातो, प्रकल्पातील सेलेनियम जागच्या जागी राहते, आणि काही आठवड्यांनी ‘जुळणारी सीडीपी सापडली नाही’ असा इशारा लॉगमध्ये येऊ लागतो. तो इशारा असतो, त्रुटी नसते, म्हणून कोणी वाचत नाही. आवृत्तीचा क्रमांक ज्या पॅकेजच्या नावात आहे ते पॅकेज आयात केलेले असेल तर सेलेनियमची आवृत्ती वाढवताच संकलन (कोडचे चालवण्याजोग्या प्रोग्राममध्ये रूपांतर) थांबते, कारण ते जुने पॅकेज आता काढून टाकलेले असते.

उपाय दोन आहेत. पहिला, सेलेनियम आणि ब्राउझर यांच्या आवृत्त्या एकत्र बांधून ठेवाव्यात. ११५ व्या आवृत्तीपासून क्रोमड्रायव्हर ‘क्रोम फॉर टेस्टिंग’बरोबर प्रसिद्ध होतो आणि तो ब्राउझर स्वतःहून अद्ययावत होत नाही. सेलेनियम ४.६ पासून ड्रायव्हर शोधण्याचे काम सेलेनियम मॅनेजर करतो, पण यंत्राच्या ‘पाथ’वर (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) एखादा जुना ड्रायव्हर पडलेला असेल तर तोच उचलला जातो, म्हणून तो शोधून काढून टाकावा. दुसरा उपाय म्हणजे फक्त डाउनलोडसाठी सीडीपी वापरत असाल तर ती सोडावी आणि फोल्डर पाहण्याच्या पद्धतीकडे परत यावे. मी बहुतेक ठिकाणी दुसराच उपाय निवडतो. फायरफॉक्सने तर २०२४ मध्ये १२९ व्या आवृत्तीपासून सीडीपी मुळात बंद केली. तेथे पुढील वाट वेबड्रायव्हर बायडायची, म्हणजे दोन्ही दिशांनी संदेश जाणाऱ्या नव्या वेबड्रायव्हरची, आहे.

फाइल दुसऱ्याच यंत्रावर

सेलेनियम ग्रिडवर (ब्राउझर इतर यंत्रांवर चालवणाऱ्या व्यवस्थेत) किंवा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात ब्राउझर चालत असेल तर फाइल आपल्या लॅपटॉपवर कधीच येणार नाही. ती नोडवर, म्हणजे ग्रिडमधील ब्राउझर चालवणाऱ्या यंत्रावर, किंवा कंटेनरच्या आत उतरते. ग्रिडमध्ये नोड सुरू करताना व्यवस्थापित डाउनलोड चालू करावे लागतात आणि सत्राच्या क्षमतांत ‘एसई:डाउनलोड्सएनेबल्ड’ द्यावे लागते. मग उतरलेल्या फाइलींची यादी मागण्याची आणि त्या आपल्याकडे आणण्याची पद्धत बाइंडिंगमध्ये उपलब्ध होते. सत्र संपताच नोड ते फोल्डर पुसतो, म्हणून ‘क्विट’पूर्वीच फाइल आणावी. डॉकरमध्ये बाहेरील फोल्डर जोडले असेल तर त्याची मालकी तपासावी: सेलेनियमच्या अधिकृत प्रतिमांमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यांमध्ये) ब्राउझर १२०० क्रमांकाच्या वापरकर्त्याने चालतो आणि रूटच्या (लिनक्सच्या मुख्य प्रशासक खात्याच्या) मालकीच्या फोल्डरात त्याला लिहिता येत नाही. परवानगी सर्वांना खुली करण्यापेक्षा मालकी त्या वापरकर्त्याला द्यावी.

इतके सगळे करण्यापूर्वी एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा: फाइल ब्राउझरमधूनच उतरवण्याची गरज आहे का? सेलेनियमचे अधिकृत दस्तऐवजीकरणच फाइल डाउनलोड हा प्रकार टाळण्याच्या यादीत ठेवते आणि सुचवते की सेलेनियमने दुवा व कुकी मिळवून फाइल एचटीटीपी लायब्ररीने आणावी. वकिलांच्या कार्यालयातील स्क्रिप्ट मी अशीच बदलली. दुवा स्थिर असेल तर ही वाट सर्वांत टिकाऊ आहे, आणि सर्व्हरचा खरा स्थिती-क्रमांकही तिच्यात हाती येतो.

कोठे थांबावे

क्रोममध्ये धोरणांचे अंतर्गत पान उघडून पाहावे. त्यावर डाउनलोडचे फोल्डर किंवा डाउनलोडवरील निर्बंध ठरवणारी धोरणे दिसली तर ते यंत्र संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे आणि आपल्या ‘प्रेफ्स’ त्यांच्यापुढे चालणार नाहीत. तेथे थांबून संस्थेच्या यंत्रणा-प्रशासकाला कळवावे; रजिस्ट्रीत हात घालून धोरण मोडू नये. धोकादायक फाइल म्हणून ब्राउझर किंवा अँटिव्हायरस डाउनलोड अडवत असेल तर सुरक्षित ब्राउझिंग बंद करण्याचा सल्ला अनेकांकडून मिळेल. तो मानू नये. फाइल ज्यांची आहे त्यांना विचारावे आणि आपल्या सुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीकडून खात्री करून घ्यावी.

कॅप्चा, ओटीपी किंवा डिजिटल स्वाक्षरीचा टोकन मध्ये आला तर स्वयंचलन तेथेच संपते. माणूस समोर असावा यासाठीच ती पायरी ठेवलेली असते, आणि तिला वळसा घालून देण्याचे काम मी घेत नाही. संकेतस्थळाच्या मालकाकडे माहिती मिळवण्याची अधिकृत वाट मागावी.

हाताने उतरवतानाही फाइल अर्धी राहत असेल तर प्रश्न सर्व्हरच्या देखभाल करणाऱ्यांचा आहे. सर्व आवृत्त्या जुळवूनही ब्राउझर डाउनलोडच्या क्षणी कोसळत असेल तर तो ब्राउझर किंवा ड्रायव्हरच्या विकासकांचा आहे, आणि जावातील निर्माण केलेली बाइंडिंग हाताने दुरुस्त करून तो दडपू नये. दोन्ही बाबतींत तज्ज्ञाला पुढील गोष्टी एकत्र द्याव्यात: ब्राउझर, ड्रायव्हर आणि बाइंडिंगच्या नेमक्या आवृत्त्या, कार्यप्रणाली, स्क्रिप्ट चालवणारे खाते, ड्रायव्हरचा सविस्तर लॉग, क्लिकपूर्वीची आणि क्लिकनंतरची फोल्डराची यादी, आणि बिघाड दाखवणारी वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट. लॉग पाठवण्यापूर्वी त्यातील कुकी आणि पासवर्ड काढून टाकावेत. सविस्तर लॉगमध्ये त्या जशाच्या तशा नोंदलेल्या असतात.